संगणकाच्या पेटीला पडवी

आपल्या गोमंतकात घर बांधणारा सामान्य माणूस एकदम मोठे घर क्वचितच बांधतो. आधी दोन खोल्या आणि पुढे सोपा एवढेच उभे राहते. पुढे कुटुंब वाढते, मुलाचे लग्न ठरते, आणि मग मागच्या अंगाला एक पडवी निघते. जुन्या भिंती जागच्या जागी राहतात, देवघर हलत नाही, चूल बदलत नाही. फक्त एका बाजूने छप्पर थोडे पुढे येते आणि घर रुंद होते. पडवी चांगली निघाली, तर ती मागाहून जोडली आहे हे पाहुण्याच्या ध्यानातही येत नाही. वाईट निघाली, तर पहिल्याच पावसात दोन छपरांच्या सांध्यातून पाणी गळू लागते.

विद्यार्थी मित्रहो, आज मी तुम्हांला अशाच एका पडवीची हकीकत सांगणार आहे. ही पडवी मात्र घराची नसून संगणकाच्या पेटीची आहे. मी कला शाखेची पदवीधर; शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. पत्रा, स्क्रू आणि पंखे यांच्याशी माझा पूर्वी संबंध नव्हता. परंतु गेल्या वर्षी आमच्या शाळेतील दहावीच्या एका विद्यार्थ्यामुळे मला या विषयात लक्ष घालावे लागले आणि त्यातून जे शिकले, ते तुमच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

अडचण कोणती होती?

या विद्यार्थ्याला हलती चित्रे तयार करण्याचा छंद आहे. त्याचे वडील सुतारकाम करतात. त्यांनी एका कार्यालयाने काढून टाकलेला जुना संगणक स्वस्तात विकत आणून मुलाला दिला होता. यंत्र चांगले होते, पण त्याची पेटी कार्यालयातील टेबलाच्या कोपऱ्यात मावावी म्हणून मुद्दाम चपटी केलेली होती. जाडी जेमतेम नऊ सेंटिमीटर. पुढे मुलाच्या मामाने आपल्या संगणकातून काढलेले एक ग्राफिक्स कार्ड त्याला भेट दिले. हलत्या चित्रांचे काम या कार्डावाचून फार सावकाश होते, म्हणून मुलाला केवढा आनंद झाला! परंतु कार्ड खाचेत बसवून पाहतो तो काय, ते पेटीच्या काठाच्या वर आले आणि झाकण लागेना.

दुकानात विचारले, तर मोठ्या पेटीचा नवा संगणकच घ्या, असा सल्ला मिळाला. यंत्रातील भाग काढून नुसती पेटी बदलावी म्हटले, तर तेही शक्य नव्हते. कारण अशा कार्यालयीन यंत्रांचा मुख्य फलक, म्हणजे मदरबोर्ड, आणि वीजपुरवठ्याचा डबा हे पुष्कळदा त्याच पेटीच्या मापाने घडवलेले असतात आणि बाजारातील सर्वसाधारण पेटीत ते बसत नाहीत. नव्या संगणकाची किंमत वडिलांच्या कित्येक महिन्यांच्या मिळकतीएवढी होती. मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला, "बाई, मी मामाला कार्ड परत देतो. बाबांना यातले काही सांगू नका." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती आणि म्हणूनच ते मला अधिक लागले.

काही दिवस त्याने झाकण काढूनच संगणक चालवला. पण उघड्या यंत्रात धूळ साचते, आणि पावसाळ्यात तर एके दिवशी उबेला आलेली पाल मदरबोर्डावर बसलेली आढळली. दोन टोकांना एकाच वेळी तिचा स्पर्श झाला असता, तर पालही गेली असती आणि यंत्रही. तेव्हा आम्ही ठरवले की पेटी बदलता येत नसेल, तर ती रुंद करावी.

पूर्वी हे कोणी केले आहे काय?

पेटी वाढवण्याची कल्पना नवीन नाही. इंग्लंडातील केंब्रिज येथील एकॉर्न कॉम्प्युटर्स या संस्थेने १९९४ साली 'रिस्क पीसी' नावाचा संगणक बाजारात आणला. त्याची पेटी जेवणाच्या डब्यासारखी होती. तळ, त्यावर एक थर आणि सर्वांत वर झाकण. अधिक कार्डे किंवा अधिक डिस्का बसवायच्या असल्या, तर झाकण काढून आणखी एक थर रचावा आणि तेच झाकण पुन्हा वर बसवावे. मात्र नुसता थर चढवून भागत नसे. कार्डे ज्या उभ्या जोडफळीत बसत, तीही अधिक उंचीची घालावी लागे. अलीकडच्या काळात स्वीडनमधील 'घोस्ट एस-१' नावाच्या ८.२ लिटर आकारमानाच्या छोट्या पेटीलाही वर किंवा खाली जोडता येतील अशा टोप्या तीन वेगवेगळ्या उंचींत निघाल्या. त्याच देशातील फ्रॅक्टल डिझाइन या संस्थेने २०२३ साली काढलेल्या 'टेरा' या पेटीत निराळीच युक्ती आहे. तिची बाहेरची रुंदी कायम राहते, पण मधली भिंत इकडे तिकडे सरकवता येते. एका दालनाला दिलेली जागा दुसऱ्या दालनातून कमी होते.

या उदाहरणांतून एक नियम निघतो, आणि तोच या सर्व विद्येचा पाया आहे. जोडणीचा जो तुकडा आपण करणार, त्याची खालची कड मूळ झाकणासारखी असली पाहिजे, म्हणजे ती मूळ पेटीत बसेल; आणि वरची कड मूळ पेटीसारखी असली पाहिजे, म्हणजे मूळ झाकण तिच्यावर बसेल. खाली झाकण, वर पेटी. एकदा हे साधले की मूळचा एकही भाग वाया जात नाही. घरी कोकणी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या आम्हा लोकांना हा नियम समजावून सांगण्याची गरज नाही. दोन्ही बाजूंना ज्याची त्याची भाषा बोलावी, म्हणजे मधला सांधा कोणाला जाणवत नाही.

मापे कशी काढली?

पहिला प्रश्न असा, की किती रुंद करायचे? येथे अंदाज उपयोगाचा नाही. संगणकात बसणाऱ्या कार्डांची मापे ठरलेली असतात. चपट्या पेटीसाठी असलेल्या कमी उंचीच्या कार्डाची उंची जास्तीत जास्त ६८.९० मिलिमीटर असते, तर पूर्ण उंचीच्या प्रमाण कार्डाची १११.१५ मिलिमीटर. वजाबाकी केली की ४२.२५ मिलिमीटर येतात. म्हणजे चपट्या पेटीला पूर्ण उंचीचे कार्ड घालायचे, तर निदान एवढी रुंदी वाढवलीच पाहिजे. पत्रा थोडा वाकडातिकडा बसला, तरी झाकण कार्डाला टेकू नये म्हणून आम्ही ४५ मिलिमीटर माप धरले. बाजारात प्रमाण उंचीहून मोठी कार्डेही मिळतात. तेव्हा पुस्तकी आकड्यावर न राहता हातातले कार्ड मोजूनच पुढे जावे. आमचे कार्ड प्रमाण मापाचेच निघाले. कित्येक कार्डांच्या वरच्या काठावर वीजपुरवठ्याची वेगळी तार जोडावी लागते. तसे कार्ड असेल, तर ती तार वळण्यासाठी आणखी दोन-तीन सेंटिमीटर सोडावे लागतात. आमच्या कार्डाला तशी तार नव्हती.

दुसरे माप कार्डाच्या जाडीचे. शेजारशेजारच्या दोन खाचांमधील अंतर २०.३२ मिलिमीटर, म्हणजे इंचाचे आठ दशांश असते. आमच्या कार्डाचा पंखा धरून ते दोन खाचांची जागा घेत होते, म्हणजे ४०.६४ मिलिमीटर. सुदैवाने शेजारची खाच रिकामी होती. तिसरे माप लांबीचे. कार्ड साडेचौदा सेंटिमीटर लांब होते आणि पुढच्या डिस्कच्या चौकटीपर्यंत ते पोचत नव्हते.

मापांइतकाच महत्त्वाचा हिशेब विजेचा. पेटी रुंद झाली म्हणून वीजपुरवठा वाढत नाही, हे ध्यानात ठेवावे. आमच्या यंत्रातील पुरवठा २४० वॉटांचा होता. वेगळ्या तारेवाचून चालणारे असे कार्ड खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॉट घेते. मुख्य प्रक्रियकाला ६५ वॉट आणि उरलेल्या सर्व भागांना मिळून ३० वॉट धरले, तर बेरीज १७० होते. पुरवठ्याला पुरेसा अवकाश राहिला. ही बेरीज जमली नसती, तर पेटी कितीही रुंद केली तरी व्यर्थ होती.

लाकडाची पडवी

वडिलांपासून ही गोष्ट लपवून ठेवणे शक्य नव्हते, आणि योग्यही नव्हते. मी त्यांची भेट घेतली. सगळे ऐकून घेतल्यावर ते मुलाला म्हणाले, "अरे, चौकट करायला बापाला विचारायचे नाही, तर कुणाला?" दोन दिवसांत त्यांनी प्लायवुडची एक सुबक चौकट करून दिली. कोपरे काटकोनात, कडा घासून गुळगुळीत. मागच्या बाजूला हवा येण्याजाण्यासाठी १० मिलिमीटर व्यासाची ३२ छिद्रे ओळीने पाडलेली. तात्पुरती बसवून पाहिली, तर झाकण बरोबर लागले आणि आम्हा तिघांनाही वाटले की काम झाले.

परंतु अर्ध्या तासाच्या कामानंतर कार्डाचे तापमान नव्वद अंशांच्या घरात पोचले आणि यंत्र आपोआप मंद चालू लागले. स्वतःचा बचाव करण्यासाठी अशी कार्डे तापली की वेग कमी करतात. मुलगा वडिलांकडे पाहीना. वडील मात्र शांतपणे म्हणाले, "लाकूड चुकले की माप चुकले, एवढे मला सांगा, म्हणजे झाले." या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही सर्वांत अधिक शिकलो.

हवेचा हिशेब

संगणक जेवढी वीज घेतो, ती शेवटी जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे १७० वॉटांची उष्णता पेटीतून सतत बाहेर नेली पाहिजे. ती नेण्याचे काम हवा करते. एक किलोग्रॅम हवेचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे १,००५ जूल लागतात, आणि एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलोग्रॅम भरते. आत शिरलेली हवा बाहेर पडताना दहा अंशांपेक्षा अधिक तापलेली नसावी असे ठरवले, तर १७० ला १.२, १,००५ आणि १० यांच्या गुणाकाराने भागावे. उत्तर दर सेकंदाला ०.०१४ घनमीटर, म्हणजेच चौदा लिटर हवा, असे येते. दर सेकंदाला एका मोठ्या बादलीभर हवेची ये-जा झाली पाहिजे!

आता छिद्रांकडे पाहू. १० मिलिमीटर व्यासाच्या एका छिद्राचे क्षेत्रफळ ०.७८५ चौरस सेंटिमीटर. अशी ३२ छिद्रे मिळून २५ चौरस सेंटिमीटर झाली. मूळ पेटीची पुढची जाळी धुळीने बरीचशी भरलेली होती, तेव्हा भार या छिद्रांवरच होता. तेवढ्या वाटेने चौदा लिटर हवा जायची, तर तिला सेकंदाला साडेपाच मीटरांहून अधिक वेगाने धावावे लागेल. तीच वाट १०० चौरस सेंटिमीटर केली, तर दीड मीटरांहूनही कमी वेग पुरतो. आणि येथे खरी मेख आहे. अरुंद वाटेचा अडथळा वेगाच्या प्रमाणात वाढत नसून ढोबळ मानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग चौपट, तर अडथळा सोळापट! संगणकाचा लहान पंखा एवढ्या अडथळ्यापुढे हतबल होतो. फिरत राहतो, पण हवा सरकत नाही.

दुसरी चूक छिद्रांच्या जागेची होती. सगळी छिद्रे मागच्या बाजूस, म्हणजे जिथून गरम हवा बाहेर पडते तिथेच होती. पाण्याप्रमाणे वाराही सोपी वाट धरतो. बाहेर पडलेली गरम हवा त्याच छिद्रांतून पुन्हा आत ओढली जात होती आणि पुढच्या भागातील हवा जागच्या जागी कोंडली होती. घराला समोरासमोर खिडक्या का ठेवतात, हे आपल्या आजोबांना ठाऊक होते. आम्ही ते विसरलो होतो.

तिसरी गोष्ट लाकडाची. लाकूड उष्णता वाहून नेत नाही, हा त्याचा दोष येथे लहानच म्हणावा. पण संगणकाची धातूची पेटी आणखी एक काम करते. आतील विद्युत्स्पंदनांमुळे उठणाऱ्या रेडिओ लहरी ती आत अडवते आणि बाहेरच्या लहरी बाहेर. लाकडाची भिंत त्यांना अडवत नाही. शिवाय तापणाऱ्या यंत्राभोवती जळाऊ पदार्थ नसलेला बरा. म्हणून वडिलांच्या प्रश्नाला मी प्रामाणिक उत्तर दिले, "मापही चुकले आणि लाकूडही येथे चालणार नाही. पण चौकटीचा आकार तुमचाच ठेवणार आहोत." ते हसले आणि म्हणाले, "मग पत्र्याकडेच जा."

पत्र्याची पडवी

छापून वस्तू घडवणाऱ्या यंत्रावर प्लॅस्टिकची चौकट करता येईल काय, असे मुलाने विचारले. अशा कामात नेहमी वापरले जाणारे पीएलए नावाचे प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि पीईटीजी हे ऐंशीच्या आसपास. तापलेल्या कार्डाशेजारी पहिले उपयोगाचे नाही, दुसरे कसेबसे. आणि लहरी अडवण्याचे काम दोन्हीही करत नाहीत. म्हणून एक मिलिमीटर जाडीचा जस्ती पत्रा निवडला. मूळ पेटीही पोलादी पत्र्याचीच असल्यामुळे दोन भिन्न धातू एकमेकांना लागून खाऱ्या हवेत गंजण्याची भीती कमी झाली. हवेसाठी तयार जाळीदार पत्रा मिळतो. त्याला ५ मिलिमीटरची भोके ७ मिलिमीटर अंतराने चौकटीत पाडलेली असतात. त्यात भोकांचा वाटा शेकडा ४० भरतो. म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर मोकळी वाट हवी असेल, तर २५० चौरस सेंटिमीटर जाळी लागते. आमच्या चौकटीच्या चारही भिंतींवर कडा सोडून सुमारे ४२० चौरस सेंटिमीटर जागा होती. त्यामुळे पुढच्या भिंतीला आणि बाजूंच्या पुढील भागाला जाळी लावली आणि मागचा भाग बराचसा बंद ठेवला. हवा आता पुढून शिरणार, कार्डावरून जाणार आणि मागील पंख्यांनी बाहेर पडणार. मूळ पेटीची पुढची जाळीही या निमित्ताने ब्रशाने स्वच्छ केली.

पत्रा कापण्यापूर्वी आम्ही संपूर्ण चौकट पुठ्ठ्याची करून पाहिली. हस्तव्यवसायाच्या तासाला तुम्ही पुठ्ठ्याची घरे करता, तसेच हे. पुठ्ठा चुकला, तर चार रुपये जातात. पत्रा चुकला, तर दिवस जातो. झाकणाच्या कडेला आत अडकणारे लहान दात असतात आणि झाकण मागे सरकवले की ते खाचांत बसतात. ते दात आणि खाचा कागदावर ठसा घेऊन उतरवल्या, म्हणजे मोजण्यातील चूक टळली.

तरीही एक चूक झालीच. पत्रा वाकवताना वाकाच्या ठिकाणी तो काटकोनात टोकदार दुमडत नाही. तेथे लहानशी गोलाई येते. त्यामुळे वाकवलेल्या तुकड्याची बाहेरची मापे सपाट तुकड्याच्या लांबीपेक्षा थोडी अधिक भरतात. एक मिलिमीटर पत्र्याला एक मिलिमीटर गोलाईने काटकोनात वाकवले, तर दर वाकाला हा फरक सुमारे पावणेदोन मिलिमीटर असतो. १२, ४५ आणि १२ मिलिमीटर अशा बाहेरच्या मापांची पट्टी हवी असेल, तर बेरीज ६९ होते. पण पत्रा कापायचा तो साडेपासष्ट मिलिमीटरांचा, कारण वाक दोन आहेत. मुलाने लांब बाजूंच्या पट्ट्यांत ही वजावट धरली नाही. चौकट पावणेदोन मिलिमीटर लांब झाली आणि झाकण बसेना. म्हापशाच्या बाजारातील ज्या कारागिरांनी आमचा पत्रा वाकवला, ते म्हणाले, "पत्रा वळताना थोडा पसरतो, बाबा. तेवढे सोडून कापायचे." आम्ही सूत्र मांडून जे शोधले, ते त्यांच्या बोटांना आधीच ठाऊक होते. त्या दोन पट्ट्या पुन्हा कापाव्या लागल्या.

कार्डाच्या मागच्या पट्टीचा प्रश्न शेवटपर्यंत राहिला होता. कार्डाला बाहेरच्या बाजूने एक धातूची पट्टी असते. तिच्यातूनच पडद्याची तार जोडायची तोंडे बाहेर येतात. कमी उंचीच्या कार्डाची ही पट्टी सुमारे ७९ मिलिमीटर असते, तर पूर्ण उंचीची १२०. मूळ पेटीच्या मागील भिंतीला बरोबर ७९ मिलिमीटरांवर आडवी दुमड होती आणि पूर्ण उंचीची पट्टी तिला अडत होती. तेव्हा मूळ पेटीला एक छेद द्यावाच लागला. दोन खाचांपुरता, सुमारे एकेचाळीस मिलिमीटर रुंद. जोडणी कधीही काढून घेता यावी आणि मूळ वस्तू जशीच्या तशी राहावी, हा या कामातील उत्तम नियम होय. येथे तो मोडावा लागत होता. म्हणून मी वडिलांची परवानगी मागितली. त्यांनी गुण्या लावून स्वतः तीन वेळा रेघ तपासली आणि मग म्हणाले, "काप." कापण्यापूर्वी आतील सगळे भाग बाहेर काढून ठेवले होते, कारण धातूचा बारीकसा कीस मदरबोर्डावर राहिला, तरी विजेची वाट चुकू शकते. कडा कानशीने घासून वर रंग दिला, म्हणजे गंज धरणार नाही.

चौकट पेटीला जोडताना आणखी एक काळजी घेतली. जेथे दोन पत्रे एकमेकांवर टेकतात, तेथील रंग मुद्दाम खरवडून काढला. रंग विजेला अडवतो. आणि चौकट पेटीशी विद्युत्दृष्ट्या जोडलेली नसेल, तर भूसंपर्काचे संरक्षण तिला मिळत नाही. सांध्यांत लांबट फट राहू दिली नाही; कारण लहान गोल भोकांपेक्षा लांब फटीतून रेडिओ लहरी अधिक सहज निसटतात. पेटीत दोन जातींचे स्क्रू असतात हेही येथे सांगून ठेवते. एक तीन मिलिमीटर व्यासाचा बारीक आट्यांचा, आणि दुसरा इंचाला बत्तीस आट्यांचा थोडा जाड. एकाच्या जागी दुसरा जोर करून बसवला, तर आटे कायमचे बिघडतात.

काय साधले?

सर्व भाग पुन्हा बसवून झाकण लावले तेव्हा पेटी साडेतेरा सेंटिमीटरांच्या आसपास रुंद झाली होती. तासभर काम केले. तापमान सत्तरीच्या आसपास जाऊन स्थिरावले आणि वेग कमी झाला नाही. मुलाने घड्याळाकडे पाहिले, पुन्हा आकड्याकडे पाहिले, आणि काही न बोलता वडिलांना हाक मारली.

एक उणीव उरली होती. पेटी उभी ठेवल्यावर कार्ड आडवे राहत असे आणि त्याचे टोक स्वतःच्या वजनाने किंचित झुके. वडिलांनी सागाच्या एका लहान तुकड्याचा आधार घासून तयार केला आणि तो कार्डाच्या टोकाखाली उभा केला. धातूचा तुकडा तेथे चालला नसता. वीज न वाहणारे कोरडे लाकूडच योग्य. बापलेकांनी मिळून केलेल्या पहिल्या चौकटीचे लाकूड येथे चालणार नाही असे मी म्हटले होते. ते माझे वाक्य अर्धेच खरे ठरले, याचा मला आनंद वाटतो.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी असे काम करू म्हणेल, तर चार गोष्टी विसरू नका. यंत्राची तार भिंतीतील जोडणीतून काढल्यावाचून पेटी उघडू नये. वीजपुरवठ्याचा डबा कधीही उघडू नये. तार काढली तरी त्याच्या आतील धारकांत विजेचा साठा काही काळ टिकून राहतो. भागांना हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज निघून जाईल. आणि पत्रा कापणे हे घरातील वडील माणसांच्या देखरेखीखालीच करावे.

हा खटाटोप पैसे वाचवण्यासाठी केला, हे खरे. पण तेवढ्यासाठीच नव्हे. एखादी वस्तू आपल्याला पुरत नाही असे वाटताच ती टाकून दुसरी आणणे सोपे असते. तिला नेमके काय कमी पडते, किती मिलिमीटर आणि किती लिटर हवा कमी पडते, हे मोजून पाहणे अवघड. परंतु ज्याने एकदा असे मोजून पाहिले, त्याला आपल्या घरातील वस्तूंची आणि त्या घडवणाऱ्या हातांची खरी किंमत कळते. त्या मुलाने केलेले पहिले हलते चित्र यंदाच्या स्नेहसंमेलनात आपण सर्वांनी पाहिलेच आहे. त्यात एक सुतार घराला पडवी काढताना दाखवला होता. तो विषय त्याने का निवडला असावा, हे आता तुम्हांला वेगळे सांगायला नको.